दुसरा ग्लास

शिरवळच्या अलीकडे, साताऱ्याकडे जाणाऱ्या अंगाला, एका ढाब्यावर दुपारी दीडच्या सुमाराला एक बारा चाकी ट्रक येऊन लागला. ड्रायव्हर पन्नाशीचा. खाली उतरल्यावर तो आधी जेवणाकडे वळला नाही. टॉमी, म्हणजे चाकं उचकटायची लोखंडी सळी, हातात घेऊन गाडीभोवती फिरला. एकेका टायरवर ठोका घालायचा, कान देऊन आवाज ऐकायचा, पुढच्या चाकाकडे जायचं. जोडटायरांच्या फटीत अडकलेला एक दगड त्याने उचकटून काढला. कूलंटच्या बाटलीतली पातळी पाहिली, वाकून खाली तेलाचे थेंब पडलेत का ते पाहिलं, ओल्या फडक्याने काच पुसली. हे सगळं झाल्यावर हात धुतले आणि बाजेवर मांडी घातली. डाळ तडका, तीन तंदुरी रोट्या, कांदा. एक ग्लास पाणी त्याने एका दमात संपवलं. पोऱ्या जग घेऊन आला आणि "मामा, पाणी?" म्हणत न थांबता दुसरा ग्लास भरून मोकळा झाला. ड्रायव्हरने तो ग्लास दोन बोटांनी हळूच पलीकडे सरकवला. "नको रे. पुढं घाट लागतोय. अडकलो तर उतरायचं कुठं?"

एप्रिलचा महिना होता. ग्लासाच्या बाहेरून थेंब ओघळत होते. त्याच्या बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले होते.

खंबाटकीत अडकणं म्हणजे काय हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पुढे एखादी गाडी बंद पडली की तास-दीड तास तिथेच. मागे चढ, पुढे वळण, डाव्या हाताला दरड, हँडब्रेकवर उभी असलेली तीस टनांची गाडी. ती सोडून कुणी खाली उतरत नाही. म्हणून त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबरच होता, आणि खुपत राहतं ते हेच. गाडीचं पाणी त्याने वाकून तपासलं होतं, आणि स्वतःचं मात्र कमी करून घेतलं होतं.

प्रदूषणाच्या नव्या, बीएस-६, निकषांच्या गाड्यांना डिझेलबरोबर डीईएफ लागतं. पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया मिसळलेलं हे द्रावण सायलेन्सरमधल्या धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू निवळण्यासाठी असतं. ड्रायव्हर लोक त्याला सरळ 'युरिया' म्हणतात. ते संपत आलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, तरी दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद सोडते. माणसाच्या युरियाला दिवा नसतो. मूत्राशयात चारशे मिलिलिटरच्या आसपास लघवी साठली की ते कुरकुर करतं, पण सवयीने ही कुरकुर दाबता येते, आणि वर्षानुवर्षं दाबली की ऐकू येईनाशी होते. पाणी कमी, लघवी घट्ट, त्यात घामाने गेलेलं मीठपाणी. मुतखड्याला याहून सोयीचं शरीर मिळणार नाही. दिवसाला निदान दोन लिटर लघवी व्हावी असं डॉक्टर सांगतात. तेवढी व्हायची तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, एसी नसलेल्या केबिनमध्ये, साडेतीन-चार लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि तेही जेवणाबरोबर ढसाढसा नव्हे. एकदम अर्धा लिटर प्यायलं की ते तासाभरात बाहेर यायला बघतं, आणि ड्रायव्हरला तीच भीती असते. अर्ध्या तासाला चार-पाच मोठे घोट, म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या आसपास, असं प्यायलं तर शरीर ते नीट वापरतं आणि घाटातली अडचणही कमी होते. मोजायला यंत्र लागत नाही. लघवीचा रंग फिक्या लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, कोऱ्या चहासारखा व्हायला लागला तर उशीर झालेला आहे. घाम फार गेला असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण एक लिटरमध्येच, आणि केलेलं चोवीस तासांत संपवायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात 'जरा कडक' करून पिण्याची जी पद्धत आहे ती उलटी पडते. मीठ जास्त झालं की आतडं पाणी शरीराला देण्याऐवजी शरीरातलंच पाणी स्वतःकडे ओढून घेतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

पण या सगळ्याच्या आधी प्रश्न येतो तो थांबायचं कुठं हा.

रस्ता हेच घर असलेल्या माणसाची तब्येत तो काय खातो यापेक्षा त्याला कुठे थांबता येतं यावर जास्त ठरते, असं माझं मत होत चाललंय. आपण घरात असतो तेव्हा तहान, लघवी, झोप, पाय मोकळे करणं या गोष्टींना जागा शोधावी लागत नाही. सीटमागच्या सहा फूट लांब, दोन-सव्वादोन फूट रुंद फळीवर ज्याचा बिछाना आहे, डॅशबोर्डवर देवघर आणि टूलबॉक्समध्ये कुकर आहे, त्याला यातली प्रत्येक गोष्ट किलोमीटरच्या दगडावर मांडावी लागते. पुढचा पंप किती लांब आहे, तिथे मोठी गाडी वळते का, रात्री डिझेल चोरीला जातं का, संडासाला कुलूप असतं का. पूर्वी सोबत किन्नर, म्हणजे क्लीनर, असायचा. तो उतरून बाजू दाखवायचा, गाडीपाशी थांबायचा, मागे उभा राहून हात करायचा. आता कैक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. गाडी सोडून लांब जाता येत नाही म्हणून जवळच उरकायचं, किंवा उरकायचंच नाही. बद्धकोष्ठ आणि मूळव्याध हे केबिनमधले जुने भाडेकरू आहेत ते यामुळे. मैदा आणि तर्री हे दुसरं कारण.

बसण्याचंही तसंच. सीट इतकी पुढे हवी की क्लच तळाला गेला तरी गुडघ्यात थोडा वाक राहील. पाय पूर्ण ताठ होत असेल तर दर क्लचला कंबर सीटवरून सरकते, आणि दिवसात क्लच किती वेळा दाबला जातो याची मोजदाद कुणी करत नाही. पाठ सरळ नव्वद अंशांत नको, जराशी मागे, आणि कमरेच्या खोबणीत गुंडाळलेला टॉवेल. मागच्या खिशातलं पाकीट आधी काढायचं. एका कुल्ल्याखाली इंचभर उंचवटा घेऊन रोज दहा तास बसलं की कंबर वाकडी राहते आणि पायात जाणारी नस दबते. बिलं, पावत्या, लायसन यांनी फुगलेल्या पाकिटाने किती जणांना सायटिका दिला असेल! दोन तासांनी खाली उतरून पंधरा मिनिटं चाललं की पोटऱ्यांचा पंप सुरू होतो. नाहीच उतरता आलं, म्हणजे बंदराबाहेर न्हावा-शेव्याच्या रांगेत किंवा टोलवर, तर बसल्या जागी टाचा उचलायच्या, तीस-चाळीस वेळा. पोटरीतलं रक्त साकळून गुठळी होते ती सलग न हलता बसल्याने, आणि पाणी कमी प्यायलेलं रक्त आणखी लवकर साकळतं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते आणि गरम लागते, तर तेल लावून चोळत बसू नये. दवाखाना गाठावा.

झोपेबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जितकं अज्ञान आहे तितकीच फुशारकी. 'मी छत्तीस तास ओढली' हे वाक्य ढाब्यावर अजून अभिमानाने बोललं जातं. सलग सतरा तास जागा असलेला माणूस ज्या वेगाने चुकतो तो वेग १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका भरतो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला ड्रायव्हर हिशेबाने गुन्हेगार ठरला असता, पण झोप फुंकून मोजायचं यंत्र नाही. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या दोन वेळांना शरीर आपोआप उताराला लागतं, झोप पुरी झालेली असली तरी. त्यात समृद्धीसारखा सरळसोट, ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, एकसुरी घरघर, वळण नाही, सिग्नल नाही, समोरून गाडी नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू चार सेकंद बाहेर जाऊन येतो. ताशी ८० च्या वेगाने चार सेकंद म्हणजे जवळपास नव्वद मीटर. 'मागचं गाव कधी गेलं कळलंच नाही' असं वाटलं, गाडी पट्ट्यावरून सरकली, एकामागून एक जांभया आल्या, की समजायचं ते चार सेकंद येऊन गेलेत.

यावर लोक काय करतात? काच खाली करतात, गाणी मोठी लावतात, तोंडावर पाणी मारतात, चुना जास्त लावून तंबाखू मळतात. याने दहा-पंधरा मिनिटं जाग वाटते, आणि तीच पंधरा मिनिटं फसवतात. काहींच्या खिशात गोळी असते, उत्तरेच्या रस्त्यांवर अफूचं बोंड असतं. त्याबद्दल इतकंच, की गोळी झोप काढून टाकत नाही, उधार ठेवते, आणि वसुली कुठल्या किलोमीटरवर येईल ते सांगत नाही. काम करतो तो एकच जुना उपाय. गाडी सुरक्षित जागी लावायची, कपभर कडक चहा किंवा कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवं व्हायचं. चहाचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठताना दोन्ही हाताशी येतात. वीसच मिनिटं. चाळीस-पन्नास झाली तर गाढ झोपेच्या मधेच गजर होतो आणि माणूस पहिल्यापेक्षा जड होऊन उठतो. उठल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, गाडीला एक फेरी मारायची. आणि हा उपाय पुढच्या थांब्यापर्यंत पोचवण्यापुरता आहे, रात्रीच्या झोपेचा बदली कामगार नव्हे. सर्दीच्या गोळीचंही लक्षात ठेवायला हवं. मेडिकलमध्ये पाच-दहा रुपयांत सुटी मिळणारी सर्दी-खोकल्याची बरीच औषधं झोप आणतात. 'मी गाडी चालवतो, झोप न येणारी द्या' हे एक वाक्य दुकानात बोलायला लाज वाटायचं कारण नाही. ज्याच्या घोरण्याने शेजारच्या गाडीतला ड्रायव्हर उठतो, मान जाड आहे, आठ तास झोपूनही दुपारी डोळे मिटतात, त्याने घोरण्याची तपासणी करून घ्यावी. झोपेत श्वास अडकत असेल तर कितीही झोपला तरी ती झोप लागू पडत नाही.

कायदा याबाबत फार जुना आणि फार शहाणा होता. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला. त्यात होतं: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विसावा. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर हे वाचून दाखवलं तर लोक हसतील. २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं धावतील, आणि इंजिनावर बसलेली केबिन तोवर तापतच राहील.

एसीवरून आठवण होते ती बंद काचांची. थंडीच्या दिवसांत दिल्ली-पंजाबकडे माल घेऊन जाणारे आपल्याकडचे ड्रायव्हर रात्री केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन बसतात. बाहेर धुकं, आत निखारे, काचा घट्ट. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. निखारे धूर सोडायचे थांबतात, पण कार्बन मोनॉक्साइड सोडायचे थांबत नाहीत. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि गुंगी आलेला माणूस 'दमलो असेन' म्हणून पांघरूण ओढून घेतो. काच दोन बोटं उघडी ठेवली की झालं, हा समजही खरा नाही. वारा नसेल तर त्या फटीतून काही जात नाही. नियम एकच: जाळ असलेली कुठलीही वस्तू झोपायच्या जागेत नको, शेगडी नको, गॅस नको, स्टोव्ह नको. थंडीला जाड रग आणि रबरी पिशवीत गरम पाणी. स्वयंपाक खाली उतरून, वाऱ्याच्या आडोशाला, डिझेलच्या टाकीच्या विरुद्ध बाजूला. छोट्या सिलेंडरची नळी दोन वर्षांनी बदलायची, आणि खड्ड्यांनी रेग्युलेटर ढिला होतो म्हणून दर पेटवण्याआधी साबणाचा फेस लावून पाहायचं. बुडबुडा आला तर पेटवायचं नाही. दोघे जण गाडीत असताना दोघांचंही डोकं एकदम दुखायला लागलं तर ते पित्त नसतं. दार उघडून आधी बाहेर.

रस्त्यावर थांबण्याची दुसरी बाजू म्हणजे नको तिथे थांबावं लागणं. टायर फुटला, ब्रेकच्या हवेचं प्रेशर उतरलं, गाडी डाव्या कडेला कशीबशी आली. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: मागे दगड मांडतात, वर एखादी बाभळीची फांदी खोचतात. गाडी दुरुस्त होते, निघून जाते, आणि दगड तिथेच राहतात. रात्री अकराला दुचाकीवरून येणाऱ्याला ते दगड कुणाचे हे कळायचं कारण नसतं. गाडीत त्रिकोणी रिफ्लेक्टर असतो, बहुतेकदा पाकिटातून बाहेरसुद्धा काढलेला नसतो. तो गाडीला टेकवून ठेवला तर काही उपयोग नाही. भरलेला ट्रक ८० च्या वेगाने येत असेल तर बघून, ब्रेक मारून उभा राहायला त्याला ऐंशी-शंभर मीटर लागतात. म्हणून साध्या हायवेवर किमान पन्नास मीटर, म्हणजे सत्तर पावलं मोजून, आणि एक्स्प्रेसवर शंभर मीटर किंवा जास्त. वळणावर गाडी बंद पडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, नाहीतर तो आणि गाडी एकदमच दिसतात. ठेवायला जाताना कठड्याच्या पलीकडून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, त्रिकोण छातीपुढे धरून चालायचं. आणि मेकॅनिक येईपर्यंत गाडीखालच्या सावलीत झोपायचं नाही. तशी सावली उन्हाळ्यात मोह घालते हे खरं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला तर मदत येते, अपघात असेल तर १०८ किंवा ११२. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर पोलिसांना नाव सांगायची सक्ती करता येत नाही, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन नियमांतच आहे. ढाब्यावर अजून 'नसती झंझट' म्हणतात.

उतारावरचं एक वाक्य जुने ड्रायव्हर पाठ म्हणून सांगतात: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर हे वाक्य रोज मोडलं जातं, आणि कारण असतं डिझेल. न्यूट्रल टाकली की डिझेल वाचतं ही समजूत. प्रत्यक्षात नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं पडतच राहतं. म्हणजे बचत शून्य. इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात, जळक्या रबरासारखा वास येतो, आणि मग पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा होतो. वास आला त्याच क्षणी गाडी कडेला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्यायची, चाकावर पाणी न मारता. तापलेला ड्रम पाण्याने तडकतो. टायरचंही असंच काही गैरसमजाने चालतं. टॉमीच्या ठोक्याने बसलेला टायर कळतो, पण हवेचा दाब १२० पीएसआयचा ९० झालेला आवाजात सापडत नाही. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला बाजूने वाकतो, आतून तापतो आणि समृद्धीच्या भर दुपारी फुटतो. हवा सकाळी, गाडी हलण्याआधी, गेजने मोजायची. तापल्यावर वाढलेली दिसली तरी काढायची नाही, थंड झाल्यावर ती कमीच भरेल.

साखरेचा आजार असलेला ड्रायव्हर आता अपवाद राहिलेला नाही, आणि त्याची अडचण वेगळीच आहे. इन्सुलिन ठेवायचं कुठे? डॅशबोर्डवर तर अजिबात नको. उन्हात उभ्या केबिनमध्ये तिथे हात ठेववत नाही. यावर उपाय आहे तो कुंभाराकडचा. एक मोठं मडकं, त्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, इन्सुलिनची कुपी कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं. पाणी उडतं तसं आतलं गार राहतं. मात्र दमट कोकणात हे मडकं कोरड्या जालन्याइतकं चालत नाही. आणि वापरायला काढलेली कुपी अशीसुद्धा महिनाभराच्या पलीकडे वापरायची नाही. रक्तातली साखर एकदम उतरून घाम सुटला, हात थरथरले, डोकं भणभणलं तर गाडी कडेला, तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा पाहायचं, त्यानंतर काहीतरी खायचं, आणि बरं वाटल्यावरही पाऊण तास चाक हातात घ्यायचं नाही. पाऊण तास! ढाब्यावर एवढा वेळ पानवालाही उभं राहू देत नाही, आणि मालकाचा फोन तर पाचव्या मिनिटाला येतो.

त्या दुपारी जेवण आटोपल्यावर मामा उठले, खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि गाडीकडे चालले. दार उघडलं तेव्हा सीटमागे दोन कॅन दिसले. एक साधा, पांढरा, काठोकाठ भरलेला. तो इंजिनसाठी. दुसऱ्याभोवती गोणपाट शिवलेलं होतं, तो प्यायचा. गोणपाट कोरडं ठणठणीत होतं. त्यांनी पांढरा कॅन जरा हलवून नीट बसवला, बूच घट्ट केलं, वर चढले. गाडी हायवेला लागली तसा पोऱ्याने बाजेवरची ताटं गोळा केली, आणि तो भरलेला ग्लास उचलून समोरच्या धुरळ्यावर शिंपडला.